वाळूच्या जागी हंसाबेन

मी गाड्या चालवते, पण फक्त कॉम्प्युटरमध्ये. खऱ्या गाडीचं स्टिअरिंग हातात दिलं तर सिल्व्हर पार्कच्या सिग्नलपर्यंतसुद्धा मी कुणाला तरी ठोकल्याशिवाय पोचणार नाही, आणि हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण बॅटरीतली वीज मोटरमध्ये किती जाते, मोटरमधून गिअरमध्ये आणि गिअरमधून चाकात किती पोचते, वाटेत किती उष्णता होऊन वाया जाते आणि ब्रेक दाबला की किती परत मिळते, हे सगळं मी गणितात मांडते. त्याला मॉडेल म्हणतात. मॉडेल चांगलं असेल तर गाडी एका चार्जिंगवर कुठवर जाईल हे ती बनवायच्या आधीच सांगता येतं. वाईट असेल तर तेही कळतं, फक्त तेव्हा गिऱ्हाईक रस्त्याच्या कडेला उभं राहून आपल्याला शिव्या घालत असतं.

आमचं ऑफिस मीरा रोडला, एका फरसाणच्या दुकानाच्या वर. मालक जितेंद्र, मी, आणि टेस्ट गाडीचा ड्रायव्हर दिपेश, एवढीच माणसं. या वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं त्यांची नवी छोटी इलेक्ट्रिक गाडी आमच्याकडे पाठवली. गाडी रोज ठरलेल्या रस्त्यानं फिरवायची, आत बसवलेलं यंत्र सगळं टिपून ठेवणार, आणि माझ्या मॉडेलनं सांगितलेला बॅटरीचा खर्च खऱ्या खर्चाशी जुळला पाहिजे. पाच टक्क्यांहून जास्त फरक निघाला की काम दुसऱ्या फर्मला.

"हे गेलं तर मी ऑफिस बंद करतोय, क्षितिजा," जितेंद्र म्हणाला. "तुला पुण्यात कुणीतरी घेईल. मी बोलून ठेवीन."

मला पुण्याला जायचं नव्हतं. पुण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मी एकुलती एक, आणि माझ्या आईबाबांना एकमेकांच्या ताब्यात देऊन मी गेले असते तर आठवड्याच्या आत दोघांपैकी एकानं मला फोन करून दुसऱ्याला घेऊन जायला सांगितलं असतं. सकाळी गिझर कोणी चालू ठेवला इथपासून त्यांचं जे सुरू होतं ते रात्री दुधाला विरजण कोणी लावलं नाही इथे संपतं. मधे मी असते. गेली कित्येक वर्षं मी त्या घरात पंचाची नोकरी बिनपगारी करतेय.

गाडी आली आणि त्याच दिवशी दिपेश रजेवर गेला. त्याचं गाव गुहागरकडे, आणि शिमगा तोंडावर. पालखी घरी येणार म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला जगातली कुठलीही कंपनी अडवू शकत नाही. जितेंद्र नुसता हात चोळत बसला. मी घरी हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "मी चालवतो की."

माझे बाबा, म्हणजे महिपत, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क होऊन रिटायर झाले. आमची जुनी गाडी त्यांनी वर्षानुवर्षं एक ओरखडा न पडू देता चालवली होती, आणि ती भंगारात दिल्यापासून त्यांचे हात शिवशिवत होते. शिवाय त्यांना कागदावर जे लिहून द्याल ते ते अक्षरशः करतात. टेस्टच्या सूचनांचे कागद त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले, शाईच्या पेनानं खुणा केल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी जेवण झाल्यावर गाडी काढायला लागले. सिल्व्हर पार्कहून निघायचं, भाईंदरचा पूल ओलांडून उत्तनच्या रस्त्याला लागायचं, डोंगरावरच्या देवीच्या देवळाखालून पालीला जायचं. तिथे समुद्राजवळ गाडी बंद करून मोटर थोडी गार होऊ द्यायची आणि आल्या वाटेनं परत. बाबांशेजारच्या सीटवर आणि मागे मिळून चार माणसांच्या वजनाची वाळूची पोती, वरून सीटबेल्ट. माणसांऐवजी पोती अशासाठी की पोती हलत नाहीत, बोलत नाहीत आणि मधेच उतरत नाहीत.

आठवड्याचे आकडे आले आणि मी कपाळाला हात लावला. देवळापर्यंत मॉडेल आणि गाडी हातात हात घालून चालली होती. देवळापासून पुढे पालीपर्यंत आणि परत देवळापर्यंत गाडी मॉडेलपेक्षा कितीतरी कमी वीज खात होती. देवळापासून घरापर्यंत मात्र थोडी जास्तच. आणि असं रोज.

मला पहिला संशय बाबांचा आला. त्यांच्या पिढीला उतार दिसला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची सवय, पेट्रोल वाचतं म्हणून.

"बाबा, उतारावर न्यूट्रल करता का?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. "न्यूट्रल केलं तर चाकातनं वीज बॅटरीत परत जात नाही. तुझ्याच कागदात आहे. मी वाचलंय ते. तू वाचलंयस का?"

मी माझ्या खोलीत गेले. मग टायरचं घर्षण कमी करून पाहिलं, तर पालीचा आकडा जुळला आणि घरचा बिघडला. वाऱ्याचा अडथळा वाढवला, तर घरचा सुधारला आणि पालीचा गेला. जितेंद्र रोज फरसाणचा पुडा घेऊन माझ्या मागे उभा राहायचा आणि "होतंय ना?" विचारायचा. पुण्याच्या मिनल मॅडम शुक्रवारी तपासायला येणार होत्या. मी गाठियाला हात लावणं सोडलं होतं.

मंगळवारी लिफ्टमध्ये हंसाबेन भेटल्या. हंसाबेन चौथ्या मजल्यावर राहतात. आमचे सोसायटी सेक्रेटरी उत्तमभाई त्यांचे यजमान, आणि आईच्या भजनी मंडळात टाळ त्यांच्याकडे.

"बेटा," त्या हळूच म्हणाल्या, "वो गाडी का बैटरी बहुत बास मारता है. कुछ लीक तो नहीं है ना?"

बॅटरी लीक होणं म्हणजे चेष्टा नाही. मी तशीच खाली धावले, गाडीची डिकी उघडली आणि नाक आत घातलं. वास होता खरा. पण तो मला लहानपणापासून ओळखीचा होता. ओले बोंबील. डिकीच्या कोपऱ्यात पाण्याचा ओघळ वाळून पांढरा झाला होता.

पालीला कोळणी ताजी मासळी घेऊन बसतात, बाबा येताना घेत असतील, त्यात काही गैर नाही. मी डिकी लावली, आणि मग थांबले. डिकीतल्या बोंबलांचा वास हंसाबेनना कसा आला? त्या कांदा-लसूण खात नाहीत. ही गाडी तर त्यांनी फार तर गॅलरीतून पाहिली असणार.

वर येऊन मी मॉडेल उलटं चालवलं. एरवी मी गाडीचं वजन सांगते आणि मॉडेल वीज सांगतं. आता मी मोटरनं लावलेला जोर आणि गाडीनं घेतलेला वेग सांगितला, आणि वजन विचारलं. भरलेली हातगाडी आणि रिकामी हातगाडी ढकलताना हाताला जे कळतं, तेच हे. स्क्रीनवर उत्तर आलं. घरापासून देवळापर्यंत वजन अगदी ठरल्याप्रमाणे. देवळाच्या पायथ्याशी गाडी एकदम हलकी झालेली. परत येताना त्याच जागी पुन्हा जड, आधीपेक्षा थोडी जास्तच. म्हणजे माझी वाळूची पोती रोज देवळाशी उतरत होती, दर्शन घेत होती आणि परतीच्या वाटेवर पुन्हा गाडीत बसत होती.

मी पार्किंगमध्ये पोती शोधायला गेले. पोती नव्हती. पण मीटर रूमबाहेरच्या भिंतीवर आगीसाठी ज्या लाल बादल्या टांगलेल्या असतात, ज्यांत गेली अनेक वर्षं पानाच्या पिचकाऱ्या आणि लोकांच्या चहाचे कप याशिवाय काही पडलं नव्हतं, त्या सगळ्या काठोकाठ वाळूनं भरल्या होत्या. शेजारी उत्तमभाई उभे होते, छाती पुढे काढून.

"फायरवाला साहब आया था," ते म्हणाले. "पहली बार अपनी सोसायटी पास हुई. तुम्हारी मम्मी का बहुत बड़ा दिल है."

घरी आई भाजी निवडत होती. बाबा पेपर वाचत होते.

"आई, गाडीतली वाळू कुठाय?"

"उत्तमभाईंना दिली. का?"

"आणि गाडीत कोण बसतं?"

आईनं गवारीची शेंग मोडली. "मी, हंसाबेन, आमच्या मंडळातली गिरिजा. आणि पेटी, ढोलकी. देवळात भजन असतं ना आमचं. रिक्षावाले तिकडे यायला नाही म्हणतात, आणि बसची वाट बघून गिरिजाचे गुडघे जातायत. आणि तिकडे वाळूची पोती बेल्ट लावून एसी गाडीतनं फिरतायत. मला बघवेना."

"अगं आई, ती टेस्ट आहे. वजन ठरलेलं असतं."

"वजन बरोबरच आहे," बाबा पेपरामागून म्हणाले. "रद्दीवाल्याच्या काट्यावर सगळ्यांना उभं केलं. पेटी-ढोलकीसकट मोजलं. थोडं कमी पडत होतं, म्हणून पासंगाला अर्धं पोतं डिकीत ठेवलंय. सूचनेत लिहिलंय, सीटवर ठरलेलं वजन असावं. वाळूच असावी असं कुठेही लिहिलेलं नाही."

"पण ती माणसं देवळाशी उतरतात."

बाबांनी पेपर जरा खाली केला. "ते मात्र खरं," असं म्हणून त्यांनी पुन्हा वर केला. हेडक्लार्कच्या मुद्द्यात फट सापडल्याचं ते पहिल्यांदाच कबूल करत होते, पण मला त्याचा आनंद घ्यायला वेळ नव्हता.

"आणि बोंबील?"

"हळू बोल," आई म्हणाली. "हंसाबेनला बाबांनी सांगितलंय की नव्या बॅटरीला वास असतोच."

शुक्रवार जवळ आला होता. नव्यानं चाचण्या घेणं शक्य नव्हतं, आणि वाळू परत मागावी तर उत्तमभाईंचं सर्टिफिकेट अजून यायचं होतं. मी फार चिडले होते. आधी आईवर, मग बाबांवर, मग दिपेशच्या पालखीवर, आणि शेवटी स्वतःवर, की पंधरा दिवस मी टायरला दोष देत बसले. पण चिडून वजन जुळत नाही. मी मॉडेलमध्ये देवळाशी वजन कमी करायची आणि परतताना वाढवायची सोय केली, बोंबील धरून. आणि चमत्कार झाल्यासारखा गाडी चालतानाचा प्रत्येक आकडा जुळला. चढ जुळला, उतार जुळला, पुलावरचा ट्रॅफिकसुद्धा जुळला.

फक्त बॅटरी जुळेना. गाडी घरी पोचायची तेव्हा बॅटरी माझ्या हिशेबापेक्षा रिकामी असायची. फरक पाचाच्या वरच. वीज चाकांना मिळत नव्हती, मोटरमध्ये जात नव्हती, तरी कुठेतरी जात होती. जितेंद्र म्हणाला, कुणी चोरतंय का. मी क्षणभर उत्तमभाईंचा विचारही केला.

आमच्या धंद्यात एक खोड आहे. गाडी उभी असतानाचे आकडे आम्ही आधीच गाळून टाकतो. उभी गाडी काय करते? काही नाही. काम वाढतं नुसतं. गुरुवारी दुपारी दुसरा काही मार्ग उरला नाही तेव्हा मी ते गाळलेले आकडे परत काढून पाहिले.

पालीला गाडी उभी होती, ते ठरल्याप्रमाणेच. पण बंद नव्हती. एसी पूर्ण चालू. रेडिओ चालू. आणि मोटर गार व्हायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ. एक दिवस नाही, रोज. आमच्या घरात एसी आहे, पण तो बाबांच्या परवानगीशिवाय लागत नाही, आणि बाबा एप्रिल उजाडल्याशिवाय परवानगी देत नाहीत.

संध्याकाळी जेवताना मी विचारलं, "बाबा, पालीला गाडी बंद करायची असं लिहिलंय ना कागदात?"

बाबांचा घास हातात राहिला. आई उठून आमटी गरम करायला आत गेली. आमटी गरमच होती.

"तिला तिथं बसायला आवडतं," बाबा म्हणाले.

"कुणाला?"

"तुझ्या आईला. भजन हंसाबेन आणि गिरिजावर सोडून ती माझ्याबरोबर पुढे येते. समोर समुद्र दिसतो. होड्या असतात. काच खाली केली तर सुक्या बोंबलांचा वास येतो आणि वाऱ्यात काही ऐकू येत नाही. म्हणून मग एसी."

"काय ऐकायचं असतं?"

बाबांनी थोडा विचार केला. "ती बोलते. मी ऐकतो. कधी गाणं चांगलं लागलं तर दोघंही ऐकतो."

"भांडत नाही?"

"तिथं? तिथं कशाला भांडू? तिथं गिझर आहे का?"

लग्न झाल्यापासून ही दोघं गिरगावात एका खोलीत आजी, आजोबा, दोन काका आणि एक आत्या यांच्यासकट राहिली. मग इथे आली तर मी होते, आणि बेल वाजवणारी सगळी सोसायटी होती. दार लावून दोघांनीच बसावं अशी जागा त्यांना कधी मिळालीच नव्हती. मिळाली ती एका पुण्याच्या कंपनीच्या टेस्ट गाडीत, तीही माझ्या कागदातल्या "मोटर गार होऊ द्यावी" या वाक्याच्या आडोशाला. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मला एकदम भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी आईला पापड मागितला.

"भाजलेला की तळलेला?" आतून आवाज आला.

शुक्रवारी मिनल मॅडम आल्या. चाळिशीच्या, बारीक, हसायची सवय नसलेल्या. जितेंद्रनं सकाळीच मला बाजूला घेतलं होतं. "थांब्याला ट्रॅफिक म्हण. एसीबद्दल बोलूच नको. आणि घरचं तर अजिबात नको." मी मान डोलावली होती. पण मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "गाडी उभी आहे तिथे बॅटरी का उतरतेय?" आणि बाबांच्या मुलीला ट्रॅफिक म्हणता आलं नाही.

"एसी चालू आहे, मॅडम. माझे आईवडील आत बसलेत."

जितेंद्रनं डोळे मिटले.

"आणि इथे वजन कमी का होतंय?"

"तिथे भजनी मंडळ उतरतं."

"आणि परत येताना जास्त?"

"मंडळ चढतं. शिवाय ओले बोंबील."

मॅडमनी स्क्रीनवरच्या आकड्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. खालून शेव तळल्याचा वास येत होता. मग त्यांनी विचारलं, "एसी कितीवर ठेवतात?" मी सांगितलं. त्यांनी थांब्याचे आकडे मॉडेलमध्ये घालून पुन्हा चालवायला सांगितलं. मी चालवलं. बॅटरी जुळली. फरक दोन टक्क्यांच्या आतला.

"आमच्या टेस्ट ट्रॅकवर पोती कधी उतरत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "आणि गाडी उभी करून कुणी बसतही नाही. तरी गिऱ्हाइकं येऊन भांडतात की तुम्ही सांगितलेली रेंज मिळत नाही. मॉडेल पास आहे. पुढच्या चाचण्या अशाच घ्या. माणसं आणि ड्रायव्हर बदलू नका, नाहीतर तुलना करता येणार नाही."

जितेंद्रनं डोळे उघडले आणि मॅडमना गाठियाचा अख्खा पुडा दिला.

शिमगा आटपून दिपेश परत आला तेव्हा त्याची गाडी गेली होती. तो दोन दिवस फुगून बसला, मग जितेंद्रनं त्याला दुसरी टेस्ट गाडी दिली, वाळूवाली. वाळू नवीन आणावी लागली, कारण उत्तमभाईंनी बादल्यांना कुलूप लावलंय. हंसाबेन पुन्हा लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा मी म्हटलं, बॅटरी तपासली, लीक नाही. "अच्छा है," त्या म्हणाल्या. "और बेटा, बोंबिल की थैली थोड़ी कसके बाँधने को बोलना पापा को." मग चौथा मजला आला आणि त्या उतरून गेल्या.

घरी गिझरवरून भांडण रोज होतं. मी मधे पडायचं सोडून दिलंय. दुपारी जेवण झालं की आई पदर सारखा करते, बाबा किल्ली घेतात, आणि दोघं एकमेकांशी न बोलता लिफ्टमध्ये जातात.

गेल्या आठवड्यात मिनल मॅडमनी नव्या, स्वस्त आणि लहान बॅटरीचे आकडे पाठवले. त्यांच्या कंपनीला ती फार हवी आहे. मी ती मॉडेलमध्ये बसवली आणि आमच्याच रस्त्यावर सोडली. पूल पार झाला, देवळाशी मंडळ उतरलं, पालीला गाडी थांबली, मंडळ पुन्हा चढलं, आणि घरी यायच्या आधीच, भाईंदरच्या पुलावर, बॅटरी संपली. जितेंद्र मागे उभा होता.

"पालीचा थांबा काढून बघ ना," तो म्हणाला.

मी काढून पाहिलं. गाडी आरामात घरी पोचली.

"झालं की. पास करून टाक."

मी घड्याळाकडे पाहिलं. खरी गाडी या वेळी पालीला उभी असणार होती, काचा बंद, आई बोलत, बाबा ऐकत. मी थांबा परत घातला आणि ती बॅटरी नापास केली.